सरकार पक्षातर्फे

महाराष्ट्रात एखाद्या गुन्ह्याने गाव पेटून उठले की मोर्चा निघतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती निवेदन पडते. गेल्या काही वर्षांत या निवेदनांमध्ये तीन मागण्या हमखास दिसतात. आरोपींना फाशी द्या, खटला जलदगती न्यायालयात चालवा आणि सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांना नेमा. पहिली मागणी शिक्षेची, दुसरी वेळेची, तिसरी एका माणसाची. तपास कोणी करावा, प्रयोगशाळेचा अहवाल कधी यावा, साक्षीदारांना संरक्षण कोणी द्यावे, याबद्दल निवेदनात सहसा चकार शब्द नसतो. वकिलाचे नाव मात्र असते.

जिल्हा न्यायालयात घडलेल्या एका सरकारी वकिलाचे नाव असे लोकांच्या तोंडी बसावे, ही आपल्याकडे क्वचित घडलेली गोष्ट आहे. २०२४ मध्ये निकम लोकसभेला उभे राहिले तेव्हा एक वकील राजकारणात उतरला, असे सगळ्यांनी म्हटले. त्यांची कारकीर्द सुरुवातीपासून पाहिली तर उलटेच दिसते. राजकारण त्यांच्या दारात त्याआधी कितीतरी वर्षे येऊन थांबले होते, आणि ते उमेदवारीच्या यादीतून नव्हे तर नेमणुकीच्या आदेशातून आले होते.

खान्देशातली शाळा

ब्रिटिशांनी १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे केले. पूर्व खान्देशचे ठाणे जळगाव, पश्चिम खान्देशचे धुळे. जिल्ह्याचे ठाणे म्हणजे कलेक्टर कचेरी आली, जिल्हा न्यायालय आले, आणि त्यांच्या आसऱ्याने वकिलांची आळी आली. सार्वजनिक जीवनात शिरायची वाट इथे बऱ्याचदा कोर्टाच्या आवारातून गेली. जळगावात वकिली करणाऱ्या प्रतिभा पाटील १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तिथूनच आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. धुळ्याच्या न्यायालयाशी तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण जोडलेली आहे. एका खटल्यासाठी ते ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या दिवशी तिथे आजही लोक जमतात.

उज्ज्वल देवराव निकम यांचा जन्म ३० मार्च १९५३ रोजी जळगावात झाला. वडील बॅरिस्टर, पुढे न्यायाधीश, त्यामुळे कायद्याची पुस्तके घरातच होती. निकमांनी आधी विज्ञानाची पदवी घेतली, मग जळगावच्याच मणियार विधी महाविद्यालयातून कायद्याची. मुंबई-पुण्याच्या नामांकित कॉलेजचा शिक्का त्यांच्यावर नाही. वकिलीही जळगावातच सुरू झाली आणि तिथेच ते जिल्हा सरकारी वकील झाले.

जिल्हा सरकारी वकिलाचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा वेगळे असते. सत्र न्यायालयातला खटला सरकारी वकिलानेच चालवायचा, असा कायदा आहे. फिर्यादीने कितीही महागडा वकील केला तरी तो सरकारी वकिलाच्या सांगण्यानुसारच वागू शकतो. पण हाती येतो तो पोलिसांनी बांधून दिलेला कागद. पंचनामा ढिला असेल, मुद्देमालाचे सील नीट नसेल, ओळखपरेड उशिरा झाली असेल, तर त्यात नंतर भर घालता येत नाही. जे आहे त्याच्या बळावर उभे राहावे लागते.

आणि उभे राहायचे ते माणसांच्या जोरावर. खान्देशात साक्षीदार कठड्यात येतो तो अहिराणी बोलत, रावेर-यावलकडचा असेल तर तावडी किंवा लेवा बोलीत, सातपुड्याच्या पायथ्याचा असेल तर पावरीत. वर्षभरापूर्वी पोलिसांना छातीठोकपणे सांगितलेले तो कोर्टात सांगेलच, याची खात्री नसते. तोवर गावात समझोता झालेला असतो, नाहीतर दहशत बसलेली असते. पंच फितूर होतात. सरतपासणीत आपलाच साक्षीदार फुटला, की न्यायालयाची परवानगी घेऊन त्याचीच उलटतपासणी घ्यायची वेळ येते. कोणता साक्षीदार आधी उभा करायचा, कोणाला वगळायचे, कोणता प्रश्न विचारायचाच नाही, हे शहाणपण असल्या खटल्यांतून येते. निकमांची पुढची सगळी कीर्ती या शाळेवर उभी आहे.

चौदा वर्षे एकच खटला

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत लागोपाठ बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे मेली, सातशेहून अधिक जखमी झाली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दहा हजारांहून जास्त पानांचे आरोपपत्र दाखल झाले. खटला दहशतवादविरोधी ‘टाडा’ कायद्याखाली होता. विशेष सरकारी वकील म्हणून जळगावचे, चाळिशीतले निकम आले.

विशेष सरकारी वकील हे पद कायद्यातच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ प्रमाणे किमान दहा वर्षे वकिली केलेल्या कोणालाही सरकार एखाद्या खटल्यापुरते नेमू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १८ मध्येही तीच तरतूद आहे. कोणत्या खटल्यासाठी नेमायचे आणि कोणत्यासाठी नाही, हे सर्वस्वी सरकारने ठरवायचे.

स्फोटांचा खटला ऑर्थर रोड तुरुंगाच्या आवारातल्या विशेष न्यायालयात चालला. आधी न्यायमूर्ती जे. एन. पटेल आणि १९९६ पासून न्यायाधीश प्र. द. कोदे यांच्यासमोर. सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. साध्या खटल्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. ‘टाडा’खाली मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा जबाब ग्राह्य होता. सरकार पक्षाचा बराचसा भार त्या जबाबांवर होता, आणि ‘टाडा’वर झालेल्या टीकेचे एक मोठे कारणही हेच कलम होते. १९९५ मध्ये कायद्याची मुदत संपली, पण त्याखाली सुरू झालेला खटला चालूच राहिला.

निकाल १२ सप्टेंबर २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागला. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले. २००७ च्या जुलैअखेर शिक्षा सांगून संपल्या: १२ जणांना फाशी, २० जणांना जन्मठेप, इतरांना वेगवेगळ्या मुदतीची कैद. अभिनेता संजय दत्त कटाच्या आरोपातून सुटला, शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी ठरला. या खटल्याने निकमांना घरोघरी पोहोचवले. दूरचित्रवाणीच्या बातमी वाहिन्या नेमक्या याच काळात वाढल्या. कोर्टाच्या दारात संध्याकाळी माईक धरून उभ्या असलेल्या वार्ताहराला दोन वाक्यांत आणि सोप्या हिंदी-मराठीत दिवसभराचे कामकाज सांगणारा वकील हवा होता. जळगावच्या कठड्यात बोलीभाषेतल्या साक्षी ऐकत घडलेल्या माणसाला ते सहज जमले.

मधल्या काळात त्यांचे इतर खटलेही चालू होते, आणि सगळेच जिंकले असे नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत कॅसेट उद्योजक गुलशन कुमार यांचा खून झाला. २००२ मध्ये त्या खटल्यात १९ पैकी १८ आरोपी सुटले आणि एकच दोषी ठरला. भाजप नेते प्रमोद महाजन यांच्या हत्येच्या खटल्यात मात्र त्यांचे भाऊ प्रवीण महाजन यांना डिसेंबर २००७ मध्ये जन्मठेप झाली. या खटल्याचा धागा पुढे अनपेक्षित ठिकाणी पुन्हा लागणार होता.

कसाब, पुरावा आणि बिर्याणी

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. दहा हल्लेखोरांपैकी अजमल कसाब एकटाच जिवंत सापडला. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याची बंदूक धरून ठेवली आणि स्वतःचा जीव दिला, म्हणून तो सापडला. छत्रपती शिवाजी टर्मिनसमधला बंदूकधारी कसाब वृत्तपत्र छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यात आला होता. मग खटला चालवायचा तरी कशाला, असे लोक उघड विचारत होते. अनेक वकिलांनी त्याचे वकीलपत्र घ्यायला नकार दिला.

न्यायाधीश म. ल. टहलियानी यांच्यापुढे एप्रिल २००९ मध्ये सुरू झालेला खटला या प्रश्नाचे उत्तर ठरला. कसाबला सरकारी खर्चाने वकील मिळाला. आपण अल्पवयीन असल्याचे त्याने सांगितले, तेव्हा वैद्यकीय तपासण्या करून तो दावा फेटाळला गेला. २० जुलै २००९ रोजी त्याने भर कोर्टात गुन्हा कबूल केला. वाटले असते तर खटला तिथेच आटोपता आला असता. पण कबुली अर्धवट होती. कटाचा बराच भाग तिने झाकला जात होता आणि आणखी दोन भारतीय आरोपींचा फैसला व्हायचा होता. निकमांनी तेच दाखवून दिले. न्यायालयाने कबुली नोंदवून घेतली आणि साक्षीपुरावा पुढे चालू ठेवला. डिसेंबरमध्ये कसाबने कबुली मागे घेतली तेव्हा त्या निर्णयाचे मोल कळले. गोळी लागून अधू झालेल्या दहा वर्षांच्या मुलीने कोर्टात कसाबला ओळखले, तोही याच साक्षीपुराव्याचा भाग.

३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला आणि ६ मे रोजी त्याला फाशी सुनावली गेली. त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. वरच्या दोन्ही न्यायालयांनी ती सुटका कायम ठेवली. ज्या खटल्यात संतापाचा एवढा लोंढा होता, तिथेही पुरावा नाही म्हणून दोघे सुटतात, हे त्या निकालाचे मोठेपण आहे. सरकार पक्षाच्या यशाच्या कहाणीत हा भाग फारसा सांगितला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबची शिक्षा कायम केली आणि २१ नोव्हेंबरला येरवडा तुरुंगात त्याला फाशी झाली.

याच खटल्यातली बिर्याणीची गोष्ट निकमांच्या कारकिर्दीतला सर्वांत अवघड प्रसंग आहे. कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो, असे त्यांनी माध्यमांना सांगितले होते. देशभर संताप उसळला. मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच सांगितले की कसाबने बिर्याणी मागितलीही नव्हती आणि त्याला दिलीही गेली नव्हती. राखीपौर्णिमेच्या दिवशी कोर्टात त्याचे डोळे पाणावले, वाहिन्यांवर त्याच्याविषयी हळवी चर्चा सुरू झाली, ती मोडून काढायला आपण ते बोललो, असा त्यांचा खुलासा होता. न्यायालयातल्या पुराव्याला त्या वाक्याने धक्का लागला नाही, कारण ते पुराव्यात नव्हतेच. पण सरकारी वकील हा न्यायालयाचाही अधिकारी असतो. आरोपीला शिक्षा व्हावी एवढेच त्याचे काम नसते, सत्य न्यायालयापुढे यावे हे असते. कोर्टाच्या दारातही हा नियम लागू आहे की नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून उघडा आहे. लोकमत आपल्या बाजूला वळवण्यासाठी सोयीचे वाक्य फेकणे हे प्रचाराचे तंत्र आहे, आणि ते निवडणुकीच्या नऊ वर्षे आधी उघड झाले होते.

फाशीचा हिशेब

निकमांच्या नावापुढे ६२८ जन्मठेपा आणि ३७ फाशी असा आकडा नेहमी छापला जातो. शिक्षा न्यायाधीश देतात, त्यामुळे ती वकिलाच्या खात्यावर मांडणे मुळातच विचित्र. शिवाय सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी द्यावी, अशी चाळणीही लावली आहे.

त्यांच्या गाजलेल्या खटल्यांचे पुढे काय झाले ते पाहावे. स्फोट खटल्यातल्या फाशींपैकी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये याकूब मेमनची एकच कायम ठेवली आणि दहा जणांना जन्मठेप दिली. याकूबला ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात फाशी झाली. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या गावित बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली, पण अंमलबजावणीत सरकारने केलेल्या दिरंगाईमुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. खैरलांजी हत्याकांडात २००८ मध्ये सहा जणांना झालेली फाशी नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात २०१४ मध्ये तिघांना झालेली फाशी २०२१ मध्ये रद्द होऊन आजन्म कैद उरली. मोर्चातली फाशी आणि शेवटी अमलात येणारी शिक्षा यांत असे अंतर असते.

योगायोग असा की या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला काही वर्षे जळगावच्याच वकील होत्या. प्रतिभा पाटील यांनी राष्ट्रपती असताना तीसहून अधिक कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि त्याबद्दल टीकाही झेलली. राजीव गांधी हत्येतल्या दोषींचे अर्ज मात्र त्यांनी फेटाळले. कसाबचा अर्ज त्यांच्याकडे आला नाही. जुलै २०१२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि तो अर्ज प्रणव मुखर्जी यांनी फेटाळला. एकाच गावच्या कोर्टातून निघालेल्या दोन वकिलांपैकी एक फाशी मागण्यासाठी ओळखला गेला आणि दुसरी ती माफ करण्यासाठी.

नेमणूक हेच उत्तर

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. महाराष्ट्रभर दलित समाज रस्त्यावर उतरला. खटल्यात आठ जण दोषी ठरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे टिकली नाहीत. गुन्ह्याचे जातीय स्वरूपच निकालातून निसटले, असे म्हणत अनेक संघटनांनी तपासाला आणि सरकार पक्षालाही जाब विचारला. नामांकित वकील दिला म्हणजे तपासातली उणीव भरून निघते असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तो फारसा कोणी घेतला नाही. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला आणि मराठा समाजाचे लाखोंचे मोर्चे निघाले. सरकारने निकमांना नेमले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी समजून जमावाने डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले, तेव्हाही सरकारने निकमांचेच नाव पुढे केले. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधल्या हत्येनंतर गावकऱ्यांनी अन्नत्याग केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांची नेमणूक जाहीर झाली.

सरकारच्या दृष्टीने हा सोपा उपाय आहे. तपास यंत्रणा सुधारायला वर्षे लागतात, न्यायवैद्यक प्रयोगशाळांतली प्रलंबित कामे उरकायला पैसा लागतो. नेमणुकीला एक आदेश पुरतो, आणि आदेश निघाला की मोर्चा शांत होतो. मंत्र्यांनी पत्रकार परिषदेत वकिलाचे नाव घ्यायचे आणि लोकांनी ते न्यायाचे आश्वासन म्हणून स्वीकारायचे, हा व्यवहार राजकीय आहे. आधी एका पक्षाच्या आणि मग दुसऱ्या पक्षाच्या सरकारने तो सारख्याच सवयीने केला.

उमेदवारी आणि त्यानंतर

२०१६ मध्ये निकमांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी अमेरिकेच्या तुरुंगात ३५ वर्षांची कैद भोगणाऱ्या डेव्हिड हेडलीची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदवली. हेडलीला मुंबईच्या न्यायालयाने माफीचा साक्षीदार केले होते. लष्कर-ए-तैयबाच्या मुंबई कटाची माहिती त्यामुळे आपल्या न्यायालयाच्या नोंदीत आली.

एप्रिल २०२४ मध्ये भाजपने मुंबई उत्तर मध्य मतदारसंघात विद्यमान खासदार पूनम महाजन यांना वगळून निकमांना उमेदवारी दिली. ज्यांच्या वडिलांच्या खुनाचा खटला त्यांनी चालवला, त्यांच्याच जागी ते उभे राहिले. प्रचारात २६/११ चा खटलाच मुद्दा झाला. हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांना लागलेली गोळी कसाबची नव्हती आणि निकमांनी ते दडवले, असा आरोप काँग्रेसचे विजय वडेट्टीवार यांनी केला. निकमांनी तो फेटाळला, आणि त्या हत्येसाठी न्यायालयाने कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल यांनाच जबाबदार धरले होते. पण वकील उमेदवार झाला की त्याचे जुने खटलेही प्रचारसभेत उघडले जातात, हे यातून दिसले. काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी त्यांचा १६,५१४ मतांनी पराभव केला. कोर्टाच्या दारातली लोकप्रियता मतपेटीत तशीच उतरली नाही.

निवडणुकीसाठी त्यांनी विशेष सरकारी वकिलाची पदे सोडली होती. निकालानंतर थोड्याच दिवसांत राज्य सरकारने त्यांना पुन्हा नेमले आणि विरोधकांनी त्यावर हरकत घेतली. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचार प्रकरणातल्या नेमणुकीच्या वेळी तोच वाद पुन्हा झाला. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नामनिर्देशित केले. राज्यघटनेच्या ८० व्या कलमाप्रमाणे साहित्य, शास्त्र, कला आणि समाजसेवा यांतले बारा जण असे नेमता येतात.

पक्षाचा उमेदवार राहिलेला वकील खटला निःपक्षपातीपणे चालवू शकतो का? शकतो. निकमांच्या कामात पुराव्याला धरून राहण्याची सवय पक्की आहे, हे कसाबच्या अर्धवट कबुलीच्या वेळी दिसले. पण खटल्याची विश्वासार्हता वकिलाच्या मनावर अवलंबून ठेवता येत नाही. मेलेल्याच्या नातेवाइकांना, विरोधी पक्षाच्या मतदाराला आणि आरोपीलाही सरकार पक्ष तटस्थ वाटावा लागतो. आरोपी सत्ताधाऱ्यांच्या जवळचा असला तर प्रश्न एका बाजूने येईल, विरोधकांच्या जवळचा असला तर दुसऱ्या बाजूने.

यावर उपाय अपरिचित नाही. पूर्वी महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांतले सहायक सरकारी वकील पोलीस खात्याच्या हाताखाली असत. १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोलिसांपासून तोडून वेगळ्या अभियोग खात्यात ठेवायला सांगितले. तपास करणाऱ्याच्या मुठीत खटला चालवणारा नको, हे तेव्हा मान्य झाले. विशेष सरकारी वकिलाची नेमणूक मात्र अजूनही मंत्रालयातून होते. ती पोलिसांप्रमाणेच मंत्र्यांपासूनही वेगळी करता येईल: निकष आधी जाहीर करावेत, निवड अभियोग संचालनालयाने न्यायालयाच्या सल्ल्याने करावी, आणि निवडणूक लढवलेल्या किंवा संसदेत बसलेल्या व्यक्तीला काही वर्षे हे काम देऊ नये. असा नियम झाला तर त्याचा पहिला फायदा पुढच्या काळात जळगाव-धुळ्याच्या कोर्टांतून निघणाऱ्या गुणी सरकारी वकिलांना होईल. त्यांच्या कामाकडे पाहताना ते कोणाचे आहेत, हा प्रश्न कोणाला विचारावा लागणार नाही.